बल्क डिलीट टूल: आधी गोळा करायचं की मिळेल तसं उडवायचं? या चुका टाळा

डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या सर्व्हरवर स्पॅमचा मारा झाला की मॉडरेटर बॉट (आपोआप काम करणारं खातं) लावून साफसफाई करतात. असा बॉट लिहिताना दोन पद्धती समोर असतात. बफर्डमध्ये सगळे मेसेज आधी गोळा होतात, मग डिलीट सुरू होतं. लेझीमध्ये मेसेजचं एक पान (एक गट) आणायचं, उडवायचं, मग पुढचं. मेमरी वाचते म्हणून बरेच जण डोळे झाकून लेझी घेतात. पण मेमरीची चिंता इथे दुय्यम आहे. डिलीट झालेला मेसेज परत मिळत नाही, ही खरी चिंता.

लेझीत सगळ्यात जास्त नडतो तो ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे किती निकाल सोडून पुढचं पान मागायचं तो आकडा. सर्चचं एक पान २५ निकालांचं. पहिले २५ उडवले की मागचे २५ वर सरकतात, आणि टूल मात्र ऑफसेट २५ पासून पुढचं पान मागतं. वर सरकलेले सुटतात. शेवटी टूल ‘काम झालं’ म्हणतं आणि निम्मे मेसेज तिथेच असतात. त्यापेक्षा चॅनेलची हिस्टरी ‘बिफोर’ (याच्या आधीचे) लावून, शेवटच्या मेसेजच्या आयडीच्या म्हणजे ओळख क्रमांकाच्या आधारे मागवा. डिलीट केल्याने ती जागा हलत नाही.

बफर्डची अडचण वेगळी. बल्क डिलीटला, म्हणजे एकाच रिक्वेस्टमध्ये अनेक मेसेज उडवण्याला, एका वेळी २ ते १०० मेसेज चालतात आणि त्यातला एक जरी १४ दिवसांपेक्षा जुना निघाला तरी अख्खी रिक्वेस्ट नाकारली जाते. गोळा करण्यात वेळ गेला की काठावरचे मेसेज तेवढ्यात मुदतीबाहेर जातात. म्हणून वय डिलीटच्या क्षणी तपासा. त्यासाठी आयडी पुरतो: तो २२ बिट उजवीकडे सरकवा, त्यात १४२००७०४००००० ची बेरीज करा, मेसेज पाठवल्याची वेळ मिलिसेकंदांत हाती येते. जुने निघतील ते एकेक करून काढा.

त्यामुळे बफरमध्ये पूर्ण मेसेज साठवण्याची गरजच नसते. १० लाख आयडी ६४ बिटांच्या हिशोबाने ८ एमबीत बसतात.

शब्द किंवा व्यक्ती पाहून गाळायचं असेल तर माझं मत ठाम आहे: आयडी बफर करा, एकूण आकडा आणि काही नमुने दाखवा, होकार घेऊनच पुढे जा. अख्खं चॅनेल रिकामं करायचं असेल तर लेझी उत्तम.

डिलीट करताना ४०४ (सापडलं नाही) हा एरर कोड आला तर मेसेज आधीच गेलाय असं धरून पुढे चला. ४२९ (फार जास्त रिक्वेस्ट) आला तर उत्तरातल्या ‘रिट्राय आफ्टर’मध्ये दिलेले सेकंद थांबा. आणि हे सगळं बॉट खात्यावरूनच करा. वैयक्तिक खातं असं स्क्रिप्टने चालवणं डिस्कॉर्डच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं.