नेटवरच्या भन्नाट बातम्या गोळा करायच्या कशा (आणि ग्रुपवर तोंडावर पडायचं नाही)

आपल्या सांगली साताऱ्याकडं प्रत्येक घरात एक माणूस असतोच, सकाळी चहाबरोबर ग्रुपवर "तुम्हाला माहीत आहे का" टाकणारा. मी पण त्यातलाच. काहींनी विचारलं कुठून काढतोस, कसं तपासतोस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

पहिलं म्हणजे विचित्र वाटतंय म्हणून लगेच खोटं ठरवू नका. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही मोबाईल बंद, हे कुणी बाहेरच्याला सांगितलं तर तो म्हणणार फेकतोय. पण २०२२ मध्ये ते खरंच सुरू झालं, लॉकडाऊनमध्ये पोरं मोबाईलला चिकटली होती म्हणून. उलट "युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिला" हे ऐकायला एकदम खरं वाटतं आणि ते शुद्ध थाप, युनेस्को असले नंबर लावतच नाही. ऐकून अभिमान वाटला की जरा जास्तच तपासायचं, माझा तरी हाच हिशोब.

तपासायचं कसं तर मेसेजमधलं एक वाक्य कॉपी करून जसंच्या तसं अवतरण चिन्हात घालून गुगलवर टाका. सगळीकडं तेच वाक्य, तारीख नाही, गावाचं नाव नाही, असं दिसलं की समजायचं नुसतं ढकलत आलंय. आणि खरी बातमी असेल तर कोण, कुठं, कधी हे कुणीतरी लिहिलेलंच असतं. मराठीत नाही सापडलं तर हिंदी इंग्रजीत बघा, आळस करू नका.

फोटो असेल तर गुगल लेन्स, म्हणजे फोटो टाकला की तोच फोटो नेटवर आधी कुठं आलाय ते दाखवणारी सोय. दर पावसाळ्यात कृष्णा वाढली, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ "आत्ताचे" म्हणून फिरायला लागतात आणि लोक उगाच घाबरतात. (धोका पातळी ४५ फूट, हा आकडा पाठच असू द्या.) लेन्समध्ये जुन्या तारखेचा तोच फोटो निघाला की विषय संपला. नाही निघाला तर झूम करून गाडीची नंबरप्लेट बघा, एमएच १० सांगली, एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड, आणि दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत ते बघा. "सांगलीतला पूर" म्हणायचं आणि पाटी तेलुगूत, असलं लय वेळा निघतं.

आता सगळ्यात मजेशीर प्रकार म्हणजे अर्धं खरं. "शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो" हे फिरतंय ना, तर शुक्र स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती २२५, इथवर बरोबर. पण तो उलटा फिरतो, त्यामुळं एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साधारण ११७ च दिवस लागतात. मग यातल्या कुठल्याला दिवस म्हणायचं? हे जोडून टाकलं की ग्रुपवर दोन तास वाद चालतो, नुसती ओळ टाकली तर चार अंगठे येतात आणि गप्प.

म्हणून "का" शोधायचंच. ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो यावर सगळे हसतात, पण त्याच्या आतड्याची भिंत काही ठिकाणी कडक आणि काही ठिकाणी लवचिक असते, म्हणून शेवटच्या टप्प्यात वाळता वाळता कोपरे तयार होतात, आणि हे शोधणाऱ्यांना २०१९ चा इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळाला, हे सांगितल्यावर आमचे शेतकरी काका पण म्हशीचा विषय सोडून ऐकत बसले.

साठवायला वेगळं ॲप नको, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवा, लिंक आणि तारखेसकट, कारण कुणीतरी "कशावरून?" विचारणारच. आणि दिवसाला एकच टाका राव, सकाळी सकाळी बारा टाकले की लोक ग्रुप म्यूट करतात.