मूल्यमापनाचं प्लॅनिंग कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच करा
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आम्ही मुलांसाठी वाचनवर्ग चालवतो, पहिल्या वर्षी शेवटी फंडर म्हणाले रिझल्ट दाखवा आणि आमच्याकडे नुसता हजेरीपट नि फोटो, कारण सुरुवातीला कुणाला किती वाचता येत होतं ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. म्हणून सांगते, बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची पातळी, पहिल्याच आठवड्यात मोजून घ्या, ती नंतर मिळत नाही.

त्याच्याही आधी प्रश्न पक्का करा. किती वर्ग घेतले हे झालं आउटपुट, किती मुलं आता गोष्ट वाचतात हे आउटकम, आणि बघायचं ते दुसरं. मोजायला नवीन काही शोधत बसू नका, ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या, २००५ पासूनच्या 'असर' सर्वेक्षणाची पद्धत आहेच: अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, एकेका मुलाला वेगळं बसवून. फक्त पाठ्यपुस्तकातला उतारा नको हां, आमच्याकडे एक मुलगी घडाघडा वाचत होती आणि बोट मात्र दोन ओळी मागे, सगळं पाठ होतं तिला!

शेवटची चाचणी तशीच, पण शिकवणाऱ्या ताईने नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. गणेश चवथीच्या सणाच्या आसपास तारीख ठेवूच नका. जमलं तर शेजारच्या वाड्यावरची वर्गाला न येणारी मुलंही तपासा, नाहीतर शाळेमुळे किती सुधारलं आणि तुमच्यामुळे किती ते कळणार नाही. जी मुलं मध्येच गळली त्यांच्या घरी जाऊन आयांशी बोला, ते फॉर्ममध्ये येतच नाही. आणि या सगळ्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.