अलाइनर लावायचे का तारा? आधी दोन दिवस चहा मोजा

ऑफिसात निम्मे लोक सध्या मला हेच विचारून राहिलेत, कारण मी दीड वर्ष अलाइनर (वाकडे दात सरळ करायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे) घालून मोकळा झालोय. तर बाप्पा, डॉक्टरकडे जायच्या आधी एक काम करा. एक ऑफिसचा दिवस आणि एक रविवार, फोनवर टायमर लावून मोजा की खाण्यापिण्यात नेमका किती वेळ जातो. अलाइनर दिवसाचे 20 ते 22 तास दातांवर पाहिजेत आणि ते घालून साध्या पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, म्हणजे नाश्ता, दोन जेवणं, चहा, ब्रश सगळं उरलेल्या दोन-चार तासांत बसवायचं. माझा पहिल्या दिवसाचा हिशोब साडेचार तास निघाला. त्यात सहा चहा. चहा पाच मिनिटांत संपतो हो, टपरीवरच्या गप्पा संपत नाहीत ना.

हे जमणार नसेल तर सरळ तारा लावा, त्यात काही कमीपणा नाही. तारा तुम्ही विसरलात तरी काम करत राहतात, अलाइनर डबीत पडला की दात जागचा हलत नाही, उलट मागे सरकतो.

आता दातांचं. थोडी गर्दी, फटी, समोरचा एखादा तिरपा दात, किंवा शाळेत असताना तारा लावल्या पण नंतर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा) सोडला म्हणून परत सरकलेले दात, या केसेस अलाइनरनी छान होतात. पण सुळा हिरडीतच अडकलाय, एखादा दात खूपच फिरलाय, किंवा मुळात जबडाच मागेपुढे आहे, तर नुसत्या ट्रेनी बरेचदा भागत नाही, तारा लागतात, जबड्याच्या केसमध्ये कधी ऑपरेशनही. हे आरशात पाहून कळत नाही, एक्सरे आणि स्कॅन लागतोच. कीड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते नीट करा. खर्रावाल्यांनो, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांनो, तुम्ही तर आधी हिरड्याच दाखवा, खराब हिरडीतला दात ढकलला की आणखी ढिला होतो. आणि दिवसभर गालात खर्रा ठेवून अलाइनर घालणार कधी?

डॉक्टर ऑर्थोडॉन्टिस्टच पाहा, म्हणजे बीडीएसनंतर ऑर्थोमध्ये (दात सरळ करायच्या शाखेत) तीन वर्षांचं एमडीएस केलेला. दुसरं मत पाहिजे असेल तर आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेजकडचं शासकीय दंत महाविद्यालय आहेच, हिंगणा रोडलाही डेंटल कॉलेजं आहेत. घरीच ठसा घ्या, ट्रे कुरियरनी येतील, असल्या ऑफरच्या नादी लागू नका. अमेरिकेतली अशीच एक कंपनी, स्माईलडायरेक्टक्लब, डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोक अर्ध्या ट्रीटमेंटमध्ये लटकले.

एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, म्हणजे दोन मिलिमीटरला कमीत कमी आठ ट्रे, एकेक आठवडा-दोन आठवडे. म्हणून "सहा महिन्यांत होऊन जाईल" असं कोणी तोंड पाहूनच सांगितलं तर ट्रे किती ते विचारा. शेवटी दात मनासारखे नाही आले तर परत स्कॅन करून जादाचे ट्रे देतात, त्याचे पैसे धरलेत का तेही विचारा.

आणि "दिसतच नाही" हे अर्धंच खरं. दातांवर दाताच्याच रंगाचे बारके उंचवटे चिकटवतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. सावजी रस्सा खाल्ला की माझ्या उंचवट्यांच्या कडा पिवळ्या व्हायच्या.

सगळ्यात मोठा घोळ मी पोह्याच्या ठेल्यावर केला. तर्री पोहे खायला ट्रे काढला, कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून प्लेटीच्या बाजूला ठेवला आणि प्लेटीसकट डस्टबिनमध्ये. अर्ध्या तासानं आठवलं. डस्टबिन उपसला, तर्रीत भिजलेले तीसेक नॅपकिन उघडून पाहिले, ठेलेवाला म्हणे भाऊ काय सोन्याची अंगठी गेली काय! ट्रे सापडला नाही, डॉक्टरांनी मागचा घालायला लावला. तेव्हापासून डबी खिशात. कारमध्ये ठेवू नका मात्र, मे महिन्यातल्या नागपुरात डॅशबोर्डवर ट्रे वाकडा होतो.

शेवटी रिटेनर. ट्रीटमेंट संपली तरी तो रात्री घालावाच लागतो, वर्षानुवर्षं. पॅकेजमध्ये धरलाय का ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या, माझ्यात नव्हता.