जिल्ह्याच्या संकेतांकावरून अहवालात नाव कसे आणावे

२०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत मराठवाड्यातील जिल्ह्यांना पुढील संकेतांक आहेत: नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५ आणि मग क्रम तुटून बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. यांतील दोन जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. त्या तक्त्यांतील संकेतांक मात्र तेच आहेत. म्हणून अहवालाच्या प्रत्येक ओळीत नाव टंकित न करता संकेतांक आणि नाव अशा दोन स्तंभांची वेगळी सूची ठेवावी. आठ ओळींच्या त्या सूचीत दोन दुरुस्त्या केल्या, की हजारो ओळींतील नावे आपोआप बदलतात.

एक्सेलमध्ये यासाठी व्हीलूकअप हे सूचीत शोधून शेजारचे मूल्य आणणारे सूत्र आहे. त्याला शोधायचा संकेतांक, सूचीचा पल्ला, नाव कितव्या स्तंभात आहे तो अंक आणि शेवटी फॉल्स (म्हणजे अचूक जुळणीच हवी), एवढे द्यावे लागते. पल्ला डॉलरच्या चिन्हांनी पक्का करावा, नाहीतर सूत्र खाली ओढताना तोही खाली सरकतो. फॉल्स गाळला तर त्याहून वाईट घडते: एक्सेल अंदाजे जुळणी धरते, आणि नाशिकचा ५१६ चुकून आला असेल तर ‘सापडले नाही’ असे न सांगता ५१५ चे नाव निमूटपणे लिहून टाकते. नव्या आवृत्त्यांतील एक्सलूकअप मुळातच अचूक जुळणी करते; ते उपलब्ध असेल तर तेच वापरावे.

संकेतांक सूचीत डोळ्यांना दिसत असूनही जुळत नसेल, तर बहुधा तो एकीकडे अंक आणि दुसरीकडे मजकूर म्हणून साठवलेला असतो. गावांच्या बाबतीत नावावरून जुळणी करूच नये. पिंपळगाव एकाच तालुक्यात नसते, आणि बुद्रुक कोणी पूर्ण लिहितो, कोणी नुसते ‘बु.’. तेथे गावाचा सहा अंकी संकेतांकच घ्यावा.

डेटाबेसमधून अहवाल काढताना मूळ तक्ता आणि सूची जोडण्यासाठी लेफ्ट जॉइन, म्हणजे मूळ तक्त्याची प्रत्येक ओळ राखणारी जोडणी, वापरावा, कारण इनर जॉइनमध्ये सूचीत नसलेल्या संकेतांकाची ओळच गळून जाते. उलट, सूचीत ५२५ समोर जुने आणि नवे अशी दोन्ही नावे राहिली, तर त्या जिल्ह्याची प्रत्येक ओळ दोनदा येऊन लोकसंख्या दुप्पट दिसते. व्हीलूकअप अशा वेळी वरचे नाव उचलते, त्यामुळे तेथे ही चूक लक्षातही येत नाही. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या व लोकसंख्येची बेरीज ताडून पाहावी, आणि नाव रिकामे राहिलेल्या ओळी वेगळ्या काढून त्यांचे संकेतांक तपासावेत.