२० टक्के इथेनॉल, जुनी पद्मिनी आणि क्लबमधलं कुलूप

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या चढाला प्रीमियर पद्मिनी मोटार धापा टाकते, बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो? आधी रबरी होज, म्हणजे पेट्रोलच्या नळ्या बघा. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, क्लिपपाशी पाझरतं. टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबतो. मी सगळे होज 'जे३० आर९' छापाचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे घातले. माप धातूच्या पाइपवर व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावून घ्या. सैल होज क्लिप आवळून बसवला की तिथेच कापला जातो. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदाही बदलला. तरी स्पार्क प्लग पांढरे, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त नि इंधन कमी. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट (इंधन सोडणारं बारीक भोक) ०.०५ मिमीने वाढवला, प्लग तपकिरी झाले. एकदम दोन पायऱ्या चढाल तर काजळी.

हा जेटचा आकडा आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात 'फक्त सभासदांसाठी' होता! गाडी वाचवणारी माहिती दडवणं मला पटत नाही. सभासदांच्या गाड्यांच्या चासी नंबरांची (सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकांची) यादी मात्र बंदच हवी. नंबर उचलून चोरीच्या गाडीवर ठोकतात. आणि कुणी पदरमोड करून ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीत रबराचा साचा बनवला असेल, तर त्याचं ड्रॉइंग मागू नका, पार्ट विकत घ्या.