माणूस उचलणारी फळी: घरच्या घरी हॉवरक्राफ्ट

माझा दिवस बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर जातो. त्यामुळं यंत्र उचलत नसलं की मोठी मोटर शोधायची, ही सवय. या हॉवरक्राफ्टचा, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या फळीचा, पहिला महिना त्यातच वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून लिहितोय.

12 मिलीच्या प्लायचा 4 फुटी गोल कापा. 8 बाय 4 च्या शीटमधून दोन निघतात. फळी, ब्लोअर आणि माणूस मिळून 80 किलो धरा. हे वजन सगळ्या गोलावर वाटलं की जेमतेम 7 सेंटीमीटर पाण्याइतका दाब लागतो. एवढाच! धूळ उडवायचा 600 वॅटचा हातातला ब्लोअर तो सहज देतो.

मग माझी फळी का उठेना? हवा धरायला फळीखाली लावलेली ताडपत्री ताणून बसवली होती. खानापूरकडच्या पावसात गंजीवर टाकतात तीच ताडपत्री, पण तिला फुगायला जागा नव्हती. काठावरून वर घेऊन स्टेपल करा, खाली मात्र तळहात मावेल इतकी सैल सोडा. मधोमध डब्याचं 15 सेंटीमीटरचं झाकण ठेवून बोल्टनं आवळा. झाकणाभोवती ताडपत्रीत 5 सेंटीमीटरची सहा भोकं पाडा आणि कडांना टेप लावा, नाहीतर तिथूनच फाटत जाते. ब्लोअरचं तोंड फळीत, मध्य आणि काठ यांच्या दरम्यान.

आता दाब मोजाच. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरा, एक टोक फळीतल्या बारीक भोकात घाला. माणूस बसल्यावर पातळ्यांत निदान 7 सेंटीमीटर फरक नसेल तर हवा गळतेय. ब्लोअर बदलू नका, गळती शोधा. हॉवरक्राफ्टचे जनक ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी 1955 मध्ये एकात एक डबे बसवून, हवा सोडून, ती किती जोर लावते ते घरच्या तराजूवर तोललं होतं. इंग्लिश खाडी ओलांडणारं यंत्र त्यानंतर, 1959 साली.

जागा गुळगुळीत कोब्याची हवी. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून हवा निसटते. वायर अर्थिंगची, बोर्डावर 30 मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), जमीन कोरडी. ब्रेक नाही, म्हणून भिंत दूर हवी आणि धरायला एक माणूस.

वडील रोज विचारायचे, "काय करूलालास गा?" पहिल्यांदा त्यांनाच बसवलं. पाच मिनिटांनी फळी उलटी करून पाहिली तर ताडपत्री ब्लोअरच्या बाजूला घासून पांढरी पडलेली. तिकडं वजन जास्त होतं. बसायचा पाट उलट दिशेला चार बोटं सरकवला, मग सरळ तरंगली.