उरेल ते नव्हे, आधी बचत: पैशाच्या सवयींना आवर घालण्याची व्यवस्था

‘महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू’ असे म्हणणाऱ्या घरात सहसा काही उरत नाही, कारण हातात आलेल्या पैशाला वाटा फुटायला वेळ लागत नाही. दरमहा मनाला समजावत बसण्यापेक्षा बँकेला एकदाच सूचना द्यावी: पगार १ तारखेला जमा होत असेल, तर ३ तारखेला ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत किंवा एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या सोयीत) परस्पर वळती व्हावी. पीपीएफ या दीर्घ मुदतीच्या सरकारी बचत योजनेत तर तारखेला फार मोल आहे, कारण तेथे ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत असलेल्या किमान शिलकीवर व्याज मोजतात. १,५०,००० रुपये ५ एप्रिलपर्यंत भरणाऱ्याला ७.१ टक्के दराने त्या वर्षाचे १०,६५० रुपये व्याज मिळते. तीच रक्कम कर वाचवण्याच्या घाईत मार्चअखेरीस भरणाऱ्याला त्या वर्षी तिच्यावर एक रुपयाही मिळत नाही.

पगार वाढला की खर्चही वाढतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील एका कंपनीच्या कामगारांनी पुढील पगारवाढीतला हिस्सा बचतीत टाकण्याचे आधीच कबूल केले, आणि ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. एसआयपी सुरू करतानाच वार्षिक ‘टॉप-अप’चा, म्हणजे दरवर्षी हप्ता आपोआप वाढवण्याचा पर्याय निवडला, की आपल्याकडेही हेच साधते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर मात्र ती आधी फेडावी.

सर्वांत चिवट सवय तोटा मान्य न करण्याची. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे, नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक बोचते. म्हणूनच ‘खरेदीच्या भावाला आला की विकून टाकेन’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ४०० रुपयांना घेतलेला शेअर २४० वर आला, तर पुन्हा ४०० गाठण्यासाठी तो सुमारे ६७ टक्के वाढावा लागतो, आणि आपण तो कितीला घेतला हे बाजाराच्या गावीही नसते. मी स्वतः असा एक शेअर सात वर्षे धरून ठेवला आणि त्याच काळात चांगले चाललेले दोन शेअर किरकोळ नफ्यावर विकले. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: आज हातात रोख २४० रुपये असते, तर मी हाच शेअर घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो विकावा.

पडत्या बाजारात तोट्याची हीच भीती उलट दिशेने काम करते आणि माणूस घाबरून विकून मोकळा होतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. २१ जानेवारी २०२१ रोजी त्याने ५०,००० चा टप्पा ओलांडला. दरवेळी बाजार इतक्या लवकर सावरेल याची हमी नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवावा आणि किमान सात वर्षे लागणार नाही तोच पैसा शेअरमध्ये गुंतवावा. एसआयपी बंद करावीशी वाटल्यास त्याच दिवशी अ‍ॅप उघडू नये. कारण वहीत लिहावे, घरातल्या जबाबदार माणसाला वाचून दाखवावे आणि तीन दिवसांनंतरही ते कारण दोघांनाही पटले, तरच पुढचे पाऊल टाकावे.